पंच्याखाली दिलेला शब्द

दिनांक ४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, सकाळचे साडेआठ. मी आमच्या मालगुंडच्या घराच्या पडवीत बसून टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होतो. ब्रशातून निळा रंग धुरासारखा सुटत होता आणि तो डब्याच्या तळाशी जाऊन बसेपर्यंत मी बघत राहिलो. हल्ली असे बघणे सोडवत नाही. मग हात पुसले, साबण लावून परत पुसले, आणि हा कागद पुढे ओढला.

मी, स्वरूप काशीराम मांडवकर, वय सत्तावीस, धंदा होड्यांवर नावे व नंबर रंगवणे, राहणार मालगुंड, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी माझ्या खांद्यावरून वाकून मजकूर सांगत नाही. मागे मैना आते तांदूळ निवडते आहे, आणि मी काय लिहितो हे तिला अजून कळलेले नाही.

मला मरणाचा आजार नाही. माझ्या डोळ्यांच्या मागचा पडदा कडेकडेने विझत चालला आहे. संध्याकाळनंतर मला काही दिसत नाही, आणि दिवसा बांबूच्या नळीतून बघावे तेवढे गोल दिसते. त्या गोलात जे येते ते मात्र फार स्वच्छ येते. एक पान, एक हात, एक अक्षर. बाकीचे जग बाजूला धुक्यात उभे असते आणि मान वळवली की एकेक करून पुढे येते. आंधळ्या माणसाला मृत्युपत्र करता येते, कायदा त्याला अडवत नाही. पण मग ते त्याला वाचून दाखवावे लागते, आणि पुढे कोणीतरी म्हणते की त्याला काय वाचून दाखवले कोणास ठाऊक. आमच्या घरात हे एकदा होऊन गेले आहे. म्हणून माझे अक्षर मला दिसते आहे तोवर लिहून ठेवतो.

शाळा मी नववीत सोडली. फळा दिसत नव्हता, आणि मास्तरांना वाटे की पोराचे लक्ष खिडकीबाहेर असते. त्या मास्तरांवरचा राग मी या कागदाने सोडून देत आहे. खिडकीबाहेरचेही मला दिसत नव्हते, एवढे त्यांना कोणी भेटल्यास सांगावे.

१. घर. आजोबा महिपत मांडवकर यांचे चिऱ्याचे घर तीन हिश्शांत आहे. उजवीकडच्या दोन खोल्या मुंबईच्या काकांच्या, त्यांना कुलूप असते. मागची खोली व न्हाणी मैना आतेची. पुढची खोली व पडवी माझ्या वडिलांची होती, ती आता माझी. परड्यातील हापूसच्या कलमांपैकी विहिरीकडची माझ्या वाट्याची आहेत. माझे आईवडील हयात नाहीत, मला भावंड नाही, लग्न झालेले नाही. मी काही न लिहिता गेलो तर माझ्या मालमत्तेला आतेबरोबर काकाही निम्म्याचे वारस होतील, असे वकील राही शिवलकर यांनी मला समजावून सांगितले. काका अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचा सगळा व्यवहार त्यांचा मुलगा संदेशदादा बघतो. तेव्हा माझी खोली, पडवी, कलमे आणि बँकेतील शिल्लक मी पूर्णपणे माझी आते मैना महिपत मांडवकर हिला देतो.

२. आतेविषयी. ती जन्मापासून बहिरी आहे आणि बोलत नाही. तिला शाळेत कोणी घातले नाही. पण तिला भाषा नाही असे जो म्हणेल, त्याने आमच्या घरात एक दिवस राहून बघावे. आजोबा आंब्याचे दलाल होते. त्या काळी पेट्यांचा भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा, दोघांचे हात पंच्याखाली जात आणि बोटे धरून भाव ठरे. एक बोट धरले की एक, पंजा धरला की पाच, मूठ मिटली की सौदा ठरला, आणि हात काढून घेतला की मोडला. आजोबा या मुलीला मांडीवर घेऊन बसत, आणि तिचा हातही पंच्याखाली असे. ती तिची शाळा. पुढे घरात आकड्यांना शब्द चिकटत गेले. करंगळी दाबली की पाणी, मनगटावर अंगठा ठेवला की घरी परत चल, तळव्यावर गोल काढला की भूक. माझी आई या घरात आली तेव्हा स्वयंपाकाआधी तिला ही बोली शिकावी लागली.

एक नियम आजोबांनी घालून दिला तो आते आजही पाळते. शब्द दिला जातो तो पंच्याखाली. उघड्यावर बोटे नाचवणे ही मस्करी असते. उघड्यावर ती हसेल, मान हलवेल, पाहुण्याला चहा हवा का ते खुणेने विचारेल, पण त्यातले काही तिच्यावर बंधनकारक नसते.

३. दाव्याविषयी. माझ्यामागे ही हकिकत सांगणारा कोणी नसला तर म्हणून इथे लिहितो. चार वर्षांपूर्वी संदेशदादाने आतेच्या अंगठ्याचा ठसा एका कागदावर घेतला. ते हक्कसोडपत्र होते. आतेने आपली खोली आणि आपली कलमे काकांच्या नावे सोडली, असे त्यात होते. तिने मान हलवली होती, कारण अनोळखी माणूस समोर आला की ती नेहमीच मान हलवते. नंतर मोजणीला माणसे आली तेव्हा आम्हाला कळले. आते दारात उभी राहून त्यांना चहा विचारत होती.

राही वकील विधी सेवेतून आम्हाला विनाफी मिळाल्या. त्यांनी आतेच्या नावाने दावा लावला. समोरच्या वकिलांचे म्हणणे साधे होते. बाई सही करण्याइतकी शहाणी होती, आणि नसेल तर दावा लावण्याइतकी तरी कशी शहाणी झाली? राही मॅडमनी दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा दाखवला, की अपंग माणसाला इतरांइतकीच कायदेशीर पात्रता आहे आणि साक्ष त्याला त्याच्या भाषेत देता आली पाहिजे. मग प्रश्न आला की तिची भाषा सांगणार कोण. मी सांगू शकत नव्हतो, कारण निकालाने माझाही फायदा होतो असा आक्षेप आला. तो आक्षेप बरोबर होता, पण त्या रात्री मी जेवलो नाही.

शेवटी जयगडचे मुसाचाचा आले. ते आजोबांच्या वेळचे दलाल, आता धंद्यातून उठलेले. आमच्याशी नाते नाही, देणेघेणे नाही. त्यांना घरचे शब्द येत नाहीत, फक्त बाजाराची बोटे येतात. राही मॅडमना चिंता होती की नुसत्या भावाच्या भाषेत ही बाई काय सांगणार. मलाही होती.

कोर्टात चाचांनी खांद्यावरचा पंचा काढला, आतेच्या हातावर टाकला, आणि समोरचे वकील उठले. साक्ष उघड्या न्यायालयात व्हायला हवी, खुणा सर्वांना दिसायला हव्यात, झाकून दिलेली साक्ष ही साक्षच नव्हे. न्यायाधीश मॅडमनाही ते पटले. त्यांनी पंचा काढायला सांगितला. चाचांनी काढला, तर आतेने दोन्ही हात पदराखाली घेतले आणि मान खाली घातली. भर बाजारात भाव उघडा करायला सांगितल्यासारखे तिला झाले. तिचे हात पदरातून निघेनात. तिचे घर त्या पदरात अडकून पडले होते आणि मी मागच्या बाकावर हात मांडीत घेऊन बसलो होतो.

माझ्या शेजारी साकिब होता. साकिब मिरकरवाड्याचा, जाळी दुरुस्त करतो, माझा मित्र. मला जिना दिसत नाही म्हणून हात धरायला आला होता. कोर्टातून तो तसाच बंदरावर जाणार होता, म्हणून त्याच्या पिशवीत बोट जाईल एवढ्या भोकांच्या जाळ्याचा तुकडा होता. तो उठून राही मॅडमच्या कानाशी काही बोलला, आणि त्यांनी तो तुकडा वर धरून दाखवला. समोरचे वकील म्हणाले, "मॅडम, हे न्यायालय आहे, मासळीबाजार नव्हे." न्यायाधीश मॅडमनी जाळे मागून घेतले, दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरले आणि त्यातून आम्हा सगळ्यांकडे पाहिले.

"मला यातून दिसतंय, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "बाईंना हे झाकलेलं वाटतं का, तेवढं विचारा."

जाळे आतेच्या हातावर ठेवले. तिने ते चाचपले, एका भोकातून बोट वर काढले, आणि ती हसली. मग बोट आत घेऊन तिने स्वतःच चाचांचा हात ओढला.

तेव्हा माझ्या गोलात एवढेच होते: निळसर जाळे आणि त्याखाली दोन म्हातारे हात. बाकी न्यायालय अंधारात बुडालेले. पाण्याच्या तळाशी दोन मासे एकमेकांना हुंगत फिरावेत तसे ते हात फिरत होते. त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही.

आधी परीक्षा झाली. न्यायाधीश मॅडमनी आकडा लिहून चाचांना दाखवला, चाचांनी तो बोटांनी दिला, आतेने डबीतून तेवढ्या टाचण्या मोजून मेजावर ठेवल्या. दोनदा, तीनदा झाले. मग मुख्य प्रश्न. चाचा म्हणाले की बाजारात आधी माल दाखवतात, मालाचा नमुना लागेल, आणि त्यांनी टाचण्यांशेजारची मोकळी जागा थोपटून आतेला दाखवली. आतेने त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले, कमरेची किल्ली सोडली आणि टाचण्यांशेजारी ठेवली. तिच्या खोलीची किल्ली. चाचांनी संदेशदादाकडे बोट केले, किल्लीकडे केले, आणि जाळ्याखाली भाव विचारला.

आतेचा हात उघडा पडून राहिला. तिने मूठ मिटली नाही आणि बोटही दिले नाही. चाचांनी परत विचारले. मग तिने हात बाहेर काढला, आपला अंगठा वर धरला, शाई लावल्यासारखा मेजावर टेकवला, आणि दुसऱ्या हाताने जाळे चिमटीत उचलून बाजूला धरले.

"काय म्हणतात?" न्यायाधीश मॅडमनी विचारले.

"मॅडम, भाव लागलेला नाय," चाचा म्हणाले. "माल दाखवलेला नाय. अंगठा घेतला तेव्हा पंचा नव्हता, असं सांगते."

"म्हणजे?"

"म्हणजे सौदाच नाय झाला. नुसता अंगठा आहे."

निकाल या जूनमध्ये लागला. ते हक्कसोडपत्र आतेवर बंधनकारक नाही. संदेशदादाने अपील केले आहे, तो त्याचा हक्क आहे. मी गेलो तर अपिलात आतेच्या बाजूने उभे राहण्यासाठी लागणारा खर्च माझ्या शिल्लकेतून व्हावा, आणि तिची साक्ष पुन्हा लागल्यास जाळ्याचा तो तुकडा माझ्या ट्रंकेत वरच घडी घालून ठेवलेला आहे.

४. संदेशदादाविषयी. त्याच्यावरचा राग मी सोडत नाही, पण त्याच्याबद्दल एक गोष्ट खरी लिहून ठेवायला हवी. ही बोली त्याला माझ्याहून चांगली येत होती. मे महिन्यात तो मुंबईहून यायचा, आणि आते त्याच्या तळव्यावर गोष्टी सांगायची. मला वाईट वाटते ते याचेच. पण कोर्टातून घरी येताना गाडीत आणखी एक गोष्ट माझ्या मनात आली. त्याला पंचा घेऊन बसता आले असते. पाच मिनिटांचे काम होते. तो बसला नाही, कारण पंच्याखाली तिच्याशी खोटे बोलायला त्याची बोटे वळली नसती. एवढे आजोबा त्याच्यात शिल्लक आहेत. म्हणून त्याने येऊन आतेचा हात पंच्याखाली धरावा आणि जे सांगायचे ते सांगावे. तिने हात काढून घेतला नाही, तर विहिरीजवळचे थोरले कलम त्याला द्यावे, अशी माझी आतेला विनंती आहे. सक्ती नाही.

५. आते माझ्याआधी गेली तर माझे घर व कलमे संदेशदादाची मुलगी शमिका हिला मिळावीत. ती सहा वर्षांची आहे. गणपतीला आली की आतेच्या पंच्याखाली हात घालून बसते आणि उठत नाही. दोघी काय बोलतात ते मला सांगत नाहीत. ती सज्ञान होईपर्यंत व्यवस्था राही वकिलांनी बघावी. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकही त्याच.

६. माझे डोळे. मागचा पडदा गेला तरी पुढची काच चांगली आहे आणि ती दुसऱ्याला बसवता येईल, असे डॉक्टर म्हणाले. मी पुन्हा विचारले, ते पुन्हा हो म्हणाले. तेव्हा नेत्रदान करावे. कधीतरी कोणी अनोळखी माणूस माझ्या काचेतून मिरकरवाड्याच्या होड्या बघेल. त्याला कडेकडेचेही दिसेल. एका वेळी किती होड्या असतात ते मला आठवत नाही, त्याने माझ्यासाठी एकदा सगळ्या एकदम बघाव्यात.

७. ब्रश, खडूची दोरी, पट्टी आणि रंगांचे डबे. हे साकिबला द्यायचे होते, पण साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये म्हणतात. मी त्याला विचारले की ब्रश हवे की साक्ष. तो म्हणाला, "ब्रश घेऊन काय दाढी रंगवू? साक्षच दे." तेव्हा बंदरावर अजून कोणी हाताने नाव रंगवणारा असेल तर त्याला ब्रश द्यावेत. सगळेच स्टिकर लावायला लागले असतील तर आतेने ते तुळशीपाशी माती झाडायला घ्यावेत. ज्या मालकाने मी रंगवलेल्या नावावर पैसे न देता स्टिकर चिकटवला, त्याला एवढेच सांगणे की खाली माझेच नाव आहे आणि ते निघणार नाही.

८. माझी दृष्टी पूर्ण गेल्यावर कोणीही माझ्यापुढे कागद ठेवून अंगठा मागू नये. मला सही येते आणि अंधारातही येईल, मी डोळे मिटून सवय केली आहे. आते ऐकत नाही, मला दिसणार नाही. तेव्हा आमच्या दोघांत हातच उरेल. रोज सकाळी ती मला नवीन शब्द देते. परवा तिने तळव्यावर पाचही बोटे हलके फिरवून दाखवली, मला कळले नाही, तेव्हा ती मला परड्यात घेऊन गेली आणि माझा हात फांदीच्या टोकावर ठेवला. तो मोहोराचा शब्द होता; यंदा एका फांदीला लवकर आला आहे.

मला हल्ली एक स्वप्न पडते. सगळ्या समुद्रावर आजोबांचा पंचा पसरलेला असतो, आणि त्याखालून होड्या चालत असतात. मी पाण्यात उभा असतो. होडी जवळून गेली की मी हात लावतो आणि रंगाचा जाड काठ बोटाला लागून नाव कळते. मला भीती वाटत नाही. एरवी मला सगळ्याची वाटते.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा साकिब चाचांना गाडीवरून घेऊन आला. साकिब दारातूनच म्हणाला, "काय रे, मरायला निघालास की नोंदणीला?" मी म्हटले की आधी वाचन, मग सही. वर लिहिलेले सर्व मी दोघांना मोठ्याने वाचून दाखवले. मग आतेला सांगायचे ते मी सांगू नये, असे माझेच म्हणणे होते. चाचांनी पंचा टाकला. माझ्या खोलीची किल्ली त्यांनी पाटावर ठेवली, माझ्याकडे बोट केले, तिच्याकडे केले, आणि पंच्याखाली तिचा हात धरून सौदा मांडला.

आतेने हात काढून घेतला.

चाचा म्हणाले, "मोडला रे." मला वाटले, कोर्टानंतर तिला कोणाचेच काही नको झाले. पण तिने चाचांना बाजूला सरकवले आणि माझा हात पंच्याखाली ओढला. बाजाराच्या बोटांत नव्हे, घरच्या बोलीत ती बोलली, आणि सावकाश, मी चुकू नये म्हणून दोनदा बोलली.

पहिली पेटी थोरल्या कलमाची.

आमच्याकडे मोसमाची पहिली पेटी नेहमी थोरल्या, जुन्या कलमाचीच जाते. नव्या कलमाने वाट बघायची. म्हणजे आधी ती, मग मी. मी तिच्या हातात हो म्हणालो. तेव्हा तिने कनवटीचे नाणे काढून माझ्या तळव्यावर ठेवले, माझी मूठ मिटली, आणि पंचा उचलून झटकला. सौदा ठरला की आजोबा पंचा असाच झटकत. मग ती तांदळाकडे परत गेली.

वरील मजकूर माझा आहे, मला दिसतो आहे, आणि तो दिसत असताना मी खाली सही करत आहे.

लिहून देणार: स्वरूप काशीराम मांडवकर (सही)

आम्हा दोघांसमोर स्वरूपने सही केली आणि त्याच्यासमोर आम्ही केली. आम्हाला यातून काही मिळत नाही.

साक्षीदार: मुसा इब्राहिम सोलकर, जयगड (सही)
साक्षीदार: साकिब दाऊद मजगावकर, मिरकरवाडा, रत्नागिरी (सही)

ठिकाण: मालगुंड, जिल्हा रत्नागिरी
दिनांक: ४ नोव्हेंबर २०२५, दुपारी

आजचा हिशोब, कागदाच्या मागच्या बाजूस:
डॉक्टरांचा दाखला, रु. ३००, दिले.
कागद व पेन, रु. ४५, दिले.
साकिबच्या गाडीचे पेट्रोल, रु. २००. तो घेत नाही, तरी देणे म्हणून लिहिले.
रंगाच्या दुकानाचे देणे, रु. १,१४०.
स्टिकरवाल्या मालकाकडून येणे, रु. ९००.
मैना आतेकडून विसार आला, रु. ५. पुढची रक्कम ठरलेली नाही. मला घाई नाही.